विद्यापीठाच्या नावाची राखण
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



घराण्याचे नाव राखावे, हा उपदेश आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. आज मी ज्या नावाविषयी बोलणार आहे, ते मात्र ठरल्या मुदतीस शुल्क भरूनच राखावे लागते. हे नाव म्हणजे संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता, अर्थात डोमेन.

आपल्या नगरीतील विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभले. २०२३ साली नगरीचेही नाव पालटले. परंतु ‘बीएएमयू डॉट एसी डॉट इन’ या पत्त्यात नगरीचे नाव नसल्यामुळे तो बदलावा लागला नाही. नाव निवडताना दूरदृष्टी हवी ती अशी.

हा पत्ता उजवीकडून वाचावा. ‘इन’ म्हणजे भारत, ‘एसी’ म्हणजे शिक्षणसंस्था, आणि अखेरीस विद्यापीठाचे स्वतःचे नाव. ‘एसी डॉट इन’खालील नावे केंद्र शासनाच्या अखत्यारीतील अर्नेट इंडिया ही संस्था शिक्षणसंस्थांनाच, कागदपत्रे पाहून देते. मूळ नाव एकदा मिळाले की त्याखाली ग्रंथालय, परीक्षा विभाग इत्यादींची नावे विद्यापीठाने स्वतःच योजावयाची असतात.

प्रारंभी साऱ्या संगणकांची नावे अमेरिकेत एकाच यादीत ठेवीत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी सुचविली. आपल्याकडे जिल्ह्याने तालुका दाखवावा, तालुक्याने सज्जा, आणि नोंद तलाठ्याच्या दप्तरात मिळावी, तशीच ही व्यवस्था आहे. तलाठ्याचे दप्तर बिघडले, तर जिल्हाधिकारी काय करणार?

याचा अनुभव मी घेतला आहे. मी ज्या संस्थेत नोकरीस होतो, तिचे नाव एका लिपिकाच्या खाजगी ई-मेलवर नोंदलेले होते. ते गृहस्थ निवृत्त झाले. नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्याकडेच जात राहिल्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत संकेतस्थळ बंद पडले आणि पत्रे परत येऊ लागली. बीड-जालन्याकडून आलेली मुले व्हरांड्यात ताटकळत बसली. दोष त्या लिपिकाचा नव्हे. एकाच माणसावर विसंबून निर्धास्त राहिलेल्या आम्हां सर्वांचा होता.

म्हणून आपल्यापैकी जे शाळा-महाविद्यालयांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांना माझी विनंती आहे. नाव संस्थेच्या नावे नोंदवा. सूचना पदाच्या पत्त्यावर मागवा. परवलीचा शब्द दोघा जबाबदार व्यक्तींपाशी ठेवा. मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या कामकाजात वाचा. आणि पालकहो, शुल्क भरण्यापूर्वी पत्त्याचा शेवट अवश्य पाहा. ‘एसी डॉट इन’ हे शब्द मधेच असून शेवटी भलतेच काही असेल, तर ते विद्यापीठाचे दार नव्हे.

पूर्वजांनी वाड्याच्या किल्ल्या जपल्या. या नव्या किल्ल्या जपणे आपले कर्तव्य आहे.