६१७४ च्या गावात आपलं स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी आपल्या सर्वांचं देवळाली कॅम्पमध्ये मनापासून स्वागत करतो. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी भांड्यांचा व्यापारी. आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारातलं, राहणं मात्र इकडे देवळालीला. या अधिवेशनात एका बाजूला संख्यासिद्धांत आणि दुसऱ्या बाजूला जड धातूंचे जीवसृष्टीवर होणारे परिणाम, अशी सोयरीक जमवलेली पाहून मी आधी चक्रावलो. वर्गणीला फिरताना तर फारच पंचाईत झाली. एका दात्याने धनादेशावर सही करता करता विचारलं, "मग नव्या गाडीला कोणता नंबर शुभ, तेवढं विचारून सांगाल का?" मी विचारतो म्हणालो. तेव्हा गणितज्ञ मंडळींनी जेवणाच्या वेळी कृपा करून एखादा आकडा सुचवावा, रक्कम मोठी आहे.

नाशिकबद्दल किती सांगावं? आमच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची आणि मुंबई विद्यापीठाची १८५७ ची. म्हणजे आमचं 'सावाना' विद्यापीठापेक्षा सतरा वर्षांनी वडील आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. सावरकरांचं भगूर इथून हाकेच्या अंतरावर. १९३० साली बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला तोही इथेच. यातलं बरंचसं आपल्याला माहीत असणार. पण ज्या एका माणसामुळे गणिताच्या परिषदेने देवळालीला यावं, तो माणूस निम्म्या देवळालीलाही माहीत नाही, म्हणून माझा उरलेला वेळ मी त्यांना देणार आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले ते १९६२ ला निवृत्त होईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, संशोधनाचा भत्ता नाही. होत्या त्या शाळेच्या वह्या आणि शून्य ते नऊ हे दहा आकडे, जे सगळ्यांकडेच असतात. पुस्तिका पदरच्या पैशाने छापायच्या आणि परिषदांनाही स्वखर्चाने जायचं. अशाच एका परिषदेत, १९४९ साली मद्रासला, त्यांनी आपला ६१७४ हा आकडा मांडला.

तो समजायला माझ्यासारख्या व्यापाऱ्यालाही अडचण पडत नाही. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. मी सरांचं जन्मसालच घेतलं, १९०५. ९५१० मधून ०१५९ वजा केले, ९३५१ आले. पुढे ८१७२. मग ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ जागचा हलत नाही. कोणत्याही संख्येला तिथे पोहोचायला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात म्हणतात. सरांच्या जन्मसालाने त्या पुरेपूर सातही घेतल्या, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

त्यांना संख्यांची नावं ठेवण्याचा नाद होता, आणि बारसं करावं तशी ती हौसेने ठेवलेली आहेत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती 'हर्षद'. रामानुजनांच्या १७२९ चे अंक मिळवले तर १९ होतात, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९, म्हणजे तीही हर्षदच. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवून दुसरी तयार होते, जसे १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. पण २० अशी कशातूनच तयार होत नाही, म्हणून ती 'स्वयंभू'. ४५ चा वर्ग २०२५, त्यातले २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. अशा संख्यांना आता जग 'कापरेकर संख्या' म्हणतं. आणि १, १२१, १२३२१ या कुळाला त्यांनी 'डेम्लो' म्हटलं, कारण ही कल्पना त्यांना सुचली ती जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला! गाडीची वाट बघत आपण सगळेच उभे राहतो, पण त्यातून डोंबिवलीचं नाव गणितात नेणारा एकच निघाला.

आपल्याकडच्या विद्वानांनी सरांच्या या गणिताला पोरखेळ म्हटलं. पत्नी गेल्यावर, तुटपुंज्या निवृत्तिवेतनात, सर शिकवण्या करून राहिले. पुढे १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनरांनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळालीचा पत्ता कळला. सर तेव्हा सत्तरीचे होते. १९८६ ला ते गेले. विद्वानांशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण ज्या गणिताला शाळकरी पोरगं वही उघडून लगेच हात घालू शकतं, त्याला हलकं समजणं मला व्यापारी म्हणूनही पटत नाही. देवळालीत पाहुणा आला की तोफखान्याची शाळा विचारतो, सॅनिटोरियम विचारतो. आपण आला आहात तर एकदा कापरेकर मास्तर कुठे राहत होते तेही विचारा. दहा जणांनी विचारलं की अकरावा शोधून ठेवील.

आता धातू. इथे मी थोडा अधिकाराने बोलू शकतो. रामकुंडावर आलेला यात्रेकरू गंगेचं पाणी न्यायला तांब्याचा गडू घ्यायचा, त्यावर आमच्या बाजाराच्या पिढ्या पोसल्या. कल्हईवाला दारात बसायचा. भात्याने निखारा फुलवायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवला की पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आमच्या घरी ती शोभा वाटायची. तिचं खरं मोल डॉक्टरांनी दाखवलं. यकृताचा एक आजार आपल्याकडे होता, लहान मुलं त्यात दगावायची आणि त्यांच्या यकृतात तांबं बेसुमार साठलेलं सापडायचं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या भावे, पंडित या डॉक्टरांनी इंग्लंडच्या टॅनर यांच्याबरोबर १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये बोट ठेवलं ते कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधावर. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आमचा पितळेचा धंदा बसला, हेही खरं. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. शिसं, पारा, कॅडमियम यांबद्दल मात्र मी बोलणार नाही. ते आपले तज्ज्ञ उद्या सांगतील.

आता उणिवा. निवासाच्या एका इमारतीत गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येतं. लग्नतिथी असल्यामुळे दुसरं सभागृह मिळालं नाही, म्हणून दोन्ही विभाग याच छताखाली, मध्ये पडदा लावून बसतील. पलीकडचं ऐकू आलं तर ज्ञानात भर समजावी. दोनतीन बिल्ल्यांवर आडनावं चुकली आहेत, मागच्या टेबलावर नवे मिळतील. मिसळ तिखट आहे, दही मागून घ्यावं.

आभार किती जणांचे मानू? भांडी बाजारातल्या माझ्या व्यापारी बांधवांनी, मागणी घसरलेली असतानाही, हात आखडता घेतला नाही. द्राक्ष बागायतदारांनी पेट्या पाठवल्या. मांडववाल्यांनी भाडं निम्मं केलं, आचाऱ्यांनी मजुरीच घेतली नाही. महाविद्यालयाची मुलं-मुली पहाटेपासून नाशिकरोड स्टेशनावर उभी आहेत. ज्या भगिनींनी घरी पाहुणे उतरवून घेतले त्यांचे विशेष आभार. आणि ज्यांची नावं राहिली त्यांनी कृपया मला मांडवात गाठू नये, घरी यावं.

शेवटचं. आपल्या पिशवीत स्वागत समितीतर्फे तांब्याचं एकेक फुलपात्र आहे, आमच्या दुकानातलंच. त्यात पाणी प्यावं. ताक, लिंबूसरबत किंवा दूध त्यात ठेवू नये. कारण उद्या दुपारच्या सत्रात पडद्याच्या डाव्या बाजूला कळेल.

उद्घाटक महोदयांना मी विनंती करतो की त्यांनी समई प्रज्वलित करावी. चहा साडेदहाला.