मज्जातंतूची पकड आणि कुष्ठरोगाचा जंतू
(कुष्ठरोग निवारण दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० जानेवारी हा महात्मा गांधींचा स्मृतिदिन आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली, हे आपण सर्व जाणताच. विदर्भाच्या भूमीत या सेवेची परंपरा मोठी आहे. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी, १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोरा येथे बाबा आमटे यांनी हे कार्य उभे केले. या थोर पुरुषांना वंदन करून आज आम्ही आपल्यापुढे एक लहानसा वाटणारा प्रश्न मांडणार आहोत. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूच का पकडतो? या प्रश्नाच्या उत्तरात वाशीम जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे काही आहे, अशी आमची धारणा आहे.

नॉर्वेचे डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू प्रथम पाहिला. हा रोग पापाचे फळ नाही, तो आनुवंशिक शापही नाही, तो जंतूमुळे होतो, हे त्यामुळे जगाला कळले. परंतु शरीरात शिरणारे इतर अनेक जंतू फुप्फुसात वा आतड्यात घर करतात. हा मात्र हातापायांच्या मज्जातंतूंचा शोध घेतो. या वैशिष्ट्याचे कारण समजण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

प्रथम मज्जातंतूची रचना पाहू. बोटाच्या टोकाला बसलेला चटका मेंदूपर्यंत पोहोचविणारा तंतू अत्यंत नाजूक असतो. त्याला सांभाळणाऱ्या पेशींना ‘श्वान पेशी’ म्हणतात. या नावाचा कुत्र्याशी संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले आहे. या पेशींभोवती एक पातळ आधारपटल असते आणि त्यात ‘लॅमिनिन’ नावाचे प्रथिन विणलेले असते. हात वळतो, गुडघा दुमडतो, तेव्हा पेशी या पटलापासून सुटून जाऊ नये, याची व्यवस्था निसर्गाने केली आहे. ती व्यवस्था म्हणजे ‘डिस्ट्रोग्लायकॅन’ हे प्रथिन.

आपल्या खेड्यांतील पत्र्याच्या घरांचे उदाहरण घ्या. वाऱ्या-वादळात पत्रा उडू नये म्हणून तो लोखंडी आकड्याने खालच्या लाकडाशी जखडलेला असतो. आकड्याचे एक टोक बाहेर पत्र्यावर, दुसरे आत लाकडाला. डिस्ट्रोग्लायकॅनचेही तसेच आहे. एकाच जनुकापासून त्याचे दोन भाग तयार होतात. अल्फा हा भाग पेशीच्या बाहेर राहून आपल्या अंगावरील शर्करेच्या साखळ्यांनी लॅमिनिनला धरतो. बीटा हा भाग पेशीच्या आवरणातून आरपार जाऊन आतील सांगाड्याशी जोडला जातो. १९९२ मध्ये स्नायूंच्या अभ्यासातून या प्रथिनाची जनुकीय ओळख पटली; ‘मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ या स्नायूंच्या विकाराशी त्याच्या नावाचे नाते आहे. ही पकड किती मोलाची आहे, हे तिच्या अभावी दिसते. मज्जातंतूंत व स्नायूंत आढळणाऱ्या लॅमिनिनच्या अल्फा-२ या धाग्यात जन्मतः दोष असेल, तर मूल स्नायूंच्या गंभीर दुर्बलतेसह जन्मते आणि त्याचे मज्जातंतूही बाधित होऊ शकतात.

आता जंतूकडे वळू. १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत डॉ. अनुरा रामबुक्काना व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले की, कुष्ठरोगाचा जंतू प्रथम लॅमिनिनच्या याच अल्फा-२ धाग्याच्या टोकाला चिकटतो आणि ते टोक श्वान पेशीवरील डिस्ट्रोग्लायकॅनने धरलेले असते. घरच्या माणसाचा हात धरून परका उंबरा ओलांडतो, तसा हा प्रवेश होय. २००० मध्ये पुढचा दुवा मिळाला. जंतूच्या आवरणावर एक शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ असतो, तो केवळ याच जंतूत सापडतो, आणि लॅमिनिनला चिकटण्याचे काम त्याच्याकडेही असते. लॅमिनिनचा हा प्रकार मुख्यतः मज्जातंतूंत आणि स्नायूंत असल्यामुळे मज्जातंतूंकडे जंतूचा ओढा का, याचा बराच उलगडा झाला. प्रवेशाची ही एकच वाट आहे असे नाही. परंतु हा मार्ग प्रयोगांनी स्पष्ट दाखविलेला आहे.

याच आकड्याचा उपयोग आणखी एका शत्रूने केल्याचे १९९८ मध्येच दिसून आले. पश्चिम आफ्रिकेत आढळणारा लासा तापाचा विषाणूही डिस्ट्रोग्लायकॅनला धरूनच पेशीत शिरतो. शरीराला जे अत्यावश्यक, तेच शत्रूला सोयीचे ठरते. म्हणून हा आकडाच काढून टाकू, असा विचार करता येत नाही. तो काढला तर छप्परच उडेल.

जंतू आत शिरल्यानंतर काय घडते? तो अतिशय मंद गतीने वाढतो. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. त्याला थंडावा मानवतो. त्यामुळे त्वचेच्या जवळून जाणारे मज्जातंतू, म्हणजे कोपराच्या मागील, मनगटाजवळील, गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा, घोट्याच्या आतील बाजूचा आणि चेहऱ्यावरील, हे अधिक सापडतात. पुढे शरीराची प्रतिकारशक्ती या जंतूंवर चालून जाते आणि त्या झटापटीत मज्जातंतू सुजतो, दबतो व निकामी होतो. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. रोग्याला दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच तो येत नाही.

आपल्या जिल्ह्यात या न दुखण्याचा अर्थ काय होतो, ते पाहा. सोयाबीन सोंगताना विळ्याचा घाव बोटाला लागतो आणि कळत नाही. चुलीवरच्या तव्याने हात भाजतो आणि कळत नाही. अनवाणी पायात पऱ्हाटीचे धसकट रुतते, जखम चिघळते आणि कळत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटे झडतात ती जंतू मांस खातो म्हणून नव्हे; वेदना हरपलेल्या हातापायांना वारंवार इजा होते म्हणून. मुंबईत डॉ. नोशीर अँटिया यांनी शस्त्रक्रियेद्वारे अशा अनेक रुग्णांचे हात-पाय व चेहरे सावरले. पण शस्त्रक्रिया गेलेली संवेदना पूर्णपणे परत आणू शकत नाही. ती जाण्यापूर्वीच रुग्ण गाठणे, हाच खरा उपाय.

आणि उपाय आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन ही औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार उपचार ६ किंवा १२ महिने चालतो. उपचार सुरू होताच रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने नाहीशी होते, म्हणून त्याला घराबाहेर ठेवण्याचे काहीही कारण नाही. मज्जातंतूला सूज येऊन ताकद वा संवेदना कमी होऊ लागली आणि सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोनचा उपचार मिळाला, तर गेलेली शक्ती परत येण्याची आशा मोठी असते. त्यानंतर ती आशा क्षीण होते. घरातील व शेजारच्या निकटवर्तीयांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिल्यास त्यांचा धोका कमी होतो. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत ही घट ५७ टक्के दिसली होती.

भारतात दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर गाठले गेले. त्याने पुष्कळांचा समज झाला की रोगच संपला. तो संपलेला नाही. अलीकडच्या वर्षांतही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्याच देशात आढळतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतून कामाच्या शोधात परजिल्ह्यांत जाणारी कुटुंबे आहेत. औषध सुरू असताना गाव सुटले की उपचार खंडित होण्याचा धोका असतो. अशा रुग्णाने जाण्यापूर्वी पुढील औषधांची पाकिटे व उपचारपत्र सोबत न्यावे आणि जेथे जाईल तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवावे.

कायद्यानेही आता वाट मोकळी केली आहे. १८९८ चा जुना कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ मध्ये कायद्यातून काढण्यात आले. मनातील कायदा बदलणे मात्र आपल्याच हाती आहे.

आमची विनंती थोडी व सोपी आहे. अंगावर फिकट वा लालसर, संवेदना नसलेला चट्टा दिसल्यास, हाताला वा पायाला मुंग्या येत असल्यास, वस्तू हातातून निसटत असल्यास, चप्पल पायातून गळून पडली तरी कळत नसल्यास तपासणी करून घ्यावी. डोळे मिटवून कापसाच्या बोळ्याचा स्पर्श चट्ट्यावर जाणवतो का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आशाताई घरी आल्या तर त्यांच्यापासून चट्टा लपवू नये. स्त्रियांनी तर संकोच मुळीच करू नये, कारण लपविलेला चट्टाच पुढे हात वाकडा करतो. पोहरादेवीच्या यात्रेत, बाजारात, बचत गटाच्या बैठकीत आणि शाळेत हा विषय उघडपणे बोलला जावा.

डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या आकड्याने आपले मज्जातंतू जन्मभर एकसंध धरून ठेवले आहेत. त्याच्यावर चालून येणारा जंतू मंद आहे; म्हणजे आपल्यापाशी वेळ आहे. तो वेळ लाजेत आणि भीतीत दवडला जाऊ नये, एवढेच आमचे मागणे.