गाणे पूर्ण केव्हा होते?

लोकप्रिय संगीतातील एखादे गाणे ध्वनिमुद्रिकेवर आले की ते पूर्ण झाले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु रॉक संगीतात रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन क्रिया एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की, गाण्याचे अंतिम रूप कोणते हे ठरवणे सोपे राहत नाही. ‘बीटल्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्याचा चाळीस वर्षांचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हे गाणे वाद्यवृंदातील जॉन लेनन यांनी १९६६ च्या शरद ऋतूत, स्पेनमधील अल्मेरिया येथे एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना रचायला घेतले. शीर्षकाचा उगम लिव्हरपूलच्या वूल्टन भागात साल्व्हेशन आर्मी ही संस्था त्या काळी चालवत असलेल्या एका बालगृहाच्या नावात आहे. लेनन यांचे बालपण त्याच परिसरात गेले होते. अल्मेरियात आणि नंतर इंग्लंडमधील घरी त्यांनी या गाण्याचे डेमो मुद्रित केले. डेमो म्हणजे चाल विसरू नये आणि सहकाऱ्यांना ऐकवता यावी, यासाठी साध्या साधनांवर केलेले कच्चे मुद्रण होय. अगदी आरंभीच्या डेमोत केवळ एक कडवे आहे आणि पुढे ज्याच्यामुळे गाणे ओळखले जाऊ लागले ते ध्रुवपद तेथे अजून सुचलेलेच नाही. तरीही गिटारच्या साथीने चाचपडणाऱ्या त्या आवाजात गाण्याचा मूळ भाव, म्हणजे स्वतःच्या वेगळेपणाबद्दलची साशंकता, स्पष्टपणे जाणवते.

२४ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत पहिला ‘टेक’, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंतचा मुद्रणाचा एक प्रयत्न, घेण्यात आला. त्यात मेलोट्रॉन हे वाद्य वापरले आहे. त्याची प्रत्येक पट्टी दाबली की आधीच मुद्रित केलेल्या स्वराची टेप वाजते आणि त्यामुळे एका कळफलकावरून बासरीचे सूर काढता येतात. या टेकमध्ये गाणे थेट कडव्याने उघडते. पुढच्या काही दिवसांत ध्रुवपद आरंभी आणले गेले आणि गाण्याची प्रकृतीच बदलली, कारण पूर्वी श्रोता एका माणसाचे मनोगत ऐकत होता, तर आता त्याला प्रथम एका स्थळाचे आमंत्रण मिळू लागले. ही नवी मांडणी अधिक परिणामकारक आहे यात शंका नाही; पण पहिल्या टेकचे आर्जव तिच्यात उरलेले नाही, हेही मान्य करावे लागते.

लेनन यांचे तेवढ्यानेही समाधान झाले नाही. डिसेंबरमध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ट्रम्पेट आणि चेलो यांचे संयोजन करून दिले आणि त्यासह दुसरे, अधिक वेगवान आणि आक्रमक रूप मुद्रित झाले. वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी त्यात स्वरमंडल वाजवले आहे. मराठी श्रोत्याने ख्यालगायकाच्या मांडीवर पाहिलेले हे वाद्य येथे कडव्यांच्या सांध्यांवर झंकारून जाते. यानंतर लेनन यांनी आधीच्या रूपाचा आरंभ आणि नव्या रूपाचा शेवट एकत्र जोडण्याची मागणी केली. दोन्हींची लय वेगळी होती आणि पट्टीही वेगळी होती. टेपची गती कमी केली की लय संथ होते आणि त्याबरोबर सूरही खाली येतो, या गुणधर्माचा आधार घेऊन मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी २२ डिसेंबरला नवे रूप संथ करून जुन्याशी जुळवले. गाणे सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने हा सांधा येतो. गती बदलल्याने तेथून लेनन यांच्या आवाजाला जे जडपण आले, ते कोणत्याही गायकाने ठरवून आणलेले नव्हते, आणि तेच या गाण्याचे मोठे सौंदर्य ठरले. १९६७ च्या फेब्रुवारीत ‘पेनी लेन’ या बीटल्सच्या गाण्यासह ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

लेनन यांचे १९८० मध्ये निधन झाले. १९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी २’ या संग्रहात डेमो आणि पहिला टेक अधिकृतपणे प्रकाशात आले. त्यांनी स्वतः बाजूला ठेवलेले मुद्रण त्यांच्या पश्चात प्रसिद्ध करावे काय, ही शंका गंभीर आहे. परंतु पहिला टेक ऐकल्यावर तो कपाटात राहिला असता तर संगीताची हानी झाली असती, असाच निर्णय द्यावा लागतो. २००६ मध्ये जॉर्ज मार्टिन आणि त्यांचे पुत्र जाइल्स यांनी लास व्हेगासमधील एका रंगमंचीय प्रयोगासाठी ‘लव्ह’ हा संग्रह सिद्ध केला. त्यात हे गाणे डेमोपासून सुरू होते, निरनिराळ्या टेकमधून वाढत जाते आणि अखेरीस ‘पेनी लेन’, ‘हॅलो, गुडबाय’ अशा बीटल्सच्याच इतर गाण्यांतील तुकडे त्यात गुंफले जातात. १९६६ मध्ये सांधा लपवणे हे कौशल्य होते, तर येथे वाढीच्या पायऱ्या ऐकू याव्यात यासाठी तेच कौशल्य वापरले आहे. म्हणून हा पुनर्वापर केवळ जुन्या मालाची नवी विक्री ठरत नाही. जिज्ञासू श्रोत्यांनी आधी पहिला टेक, मग १९६७ ची ध्वनिमुद्रिका आणि त्यानंतरच ‘लव्ह’मधील रूप, याच क्रमाने हे गाणे ऐकावे.