कातळावरचे पाऊल

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याचे पाय त्या वेळी दुखत असले पाहिजेत. डोंगर जवळ आला म्हणजे त्याचा खरा परिचय डोळ्यांना होत नाही, तळपायांना होतो. सुरतेसारख्या शहरात राहणाऱ्या माणसाला तर हा परिचय विशेषच जाणवतो. तापीने आणलेल्या गाळाची ही भूमी तळहातासारखी सपाट. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या पायांचा दिवस कारखान्याच्या फरशीवर, दुकानाच्या गादीवर किंवा दुचाकीवर जातो. चढ म्हणून जो काही वाट्याला येतो तो जिन्याचा किंवा उड्डाणपुलाचा.

तरीही हिवाळा आला की या शहरातील तरुण मंडळींचे डोळे पूर्वेकडे वळतात. डांगचे जंगल ओलांडले की बागलाणची डोंगररांग लागते आणि तिच्यात साल्हेर उभा आहे. समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. सुरत आणि साल्हेर यांचे नातेही जुने आहे. १६७० साली सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांची फौज बागलाणाच्या वाटेनेच परतली. पुढे १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला. २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचाही समावेश आहे. तेव्हा तेथे जाण्याची ओढ वाटावी यात नवल नाही. प्रश्न आहे तो, जाताना पायांत काय घालावे हा.

असे समजावे की, दोघे मित्र या मोहिमेसाठी बूट घेण्यास बाजारात गेले आहेत. दुकानदार त्यांच्यापुढे दोन प्रकार मांडतो. एका बुटाचा तळ इतका पातळ की बूट मुठीत गुंडाळता यावा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर. याला हल्ली ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात. दुसऱ्याच्या तळाला फेसाळ पदार्थाची जाड गादी. काही जोड्यांत तिची जाडी तीस मिलिमीटरहूनही अधिक. पहिला मित्र म्हणतो, “निसर्गाने पाय दिला आहे, त्याला मोकळे सोडावे.” दुसरा म्हणतो, “दगड टोचून घेण्यात कसला आला पुरुषार्थ?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे.

प्रथम ज्यावर चालायचे ती भूमी पाहावी. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. त्यातील कठीण थरांचे कडे झाले आणि ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले. त्यामुळे एकाच चढाईत पावलाला तीन प्रकारची जमीन भेटते. पायथ्याशी सुटे धोंडे, मध्ये मुरमाचा घसारा आणि वर कातळात खोदलेल्या, झिजलेल्या पायऱ्या. धोंड्यावर तळव्याला रक्षण हवे, घसाऱ्यावर पकड हवी आणि पायरीवर नेमका अंदाज हवा. या तीनही गोष्टी एकाच जोड्यात पूर्णांशाने मिळत नाहीत, हेच या वादाचे मूळ होय.

पातळ तळाचा कैवार घेणाऱ्यांपाशी भक्कम आधार आहे. मानवी पावलात सव्वीस हाडे आहेत, आणि तळव्याची त्वचा अत्यंत संवेदनाक्षम असते. दगड हलतो आहे, उतार निसटतो आहे, याची वार्ता मेंदूला प्रथम तीच देते. तळ पातळ असला म्हणजे पाऊल जमिनीलगत राहते आणि घोटा सहसा कलंडत नाही. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावून जिंकली. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या डॅनिएल लिबरमन प्रभृतींनी दाखवून दिले की, अनवाणी धावण्याची सवय असलेली माणसे पुष्कळदा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा आरंभीचा आघात त्यांना कमी बसतो. आपल्याकडील मावळ्यांची वहाण तरी कोठे गादीची होती? आजही डोंगरकपारीतला गुराखी साध्या चपलेने कडा उतरतो आणि शहरी पाहुणा भारी बूट घालून त्याच्याकडे पाहत राहतो.

तथापि येथेच एक गोष्ट विसरली जाते. त्या गुराख्याचे पाऊल त्या दगडांवरच वाढलेले असते. त्याने चपला पातळ निवडल्या म्हणून त्याचे पाय बळकट झाले नाहीत. पाय बळकट होते म्हणून त्याला पातळ चपला पुरल्या. सुरतेच्या फरशीवर तीस वर्षे काढलेला गृहस्थ तीच वहाण घालून साल्हेर चढू लागला, तर गादीने आजवर सोसलेला भार एकाएकी त्याच्या पोटऱ्यांवर, टाचेमागील जाड शिरेवर आणि चवड्याच्या बारीक हाडांवर येईल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, नेहमीचे बूट सोडून दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळलेल्या धावपटूंपैकी अनेकांच्या पावलांतील हाडांवर ताणाच्या खुणा आढळल्या. पुढच्याच वर्षी अशा बुटांच्या एका नामवंत उत्पादकाने, त्यांच्या आरोग्यविषयक दाव्यांबद्दल ग्राहकांनी लावलेला खटला, दोष मान्य न करता, मोठी रक्कम देऊन मिटविला. खुद्द बिकिलानेही १९६४ साली टोकियोत पुन्हा सुवर्णपदक मिळविले ते बूट घालून, आणि पूर्वीपेक्षा कमी वेळात.

मग गादीच निर्धोक म्हणावी काय? तसेही नाही. दिवसभराच्या उतरणीत ती गुडघ्यांना आणि तळव्यांना आराम देते, धारदार खडीचा उपद्रव टाळते. वजनदार किंवा पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तर तिचे मोल अधिकच. परंतु तळ जितका जाड तितके पाऊल जमिनीपासून उंच. धोंड्यावर ते तिरपे पडले की ती उंचीच तरफेसारखी काम करते आणि घोटा मुरगळतो. शिवाय गादी दगडाची खबर उशिरा देते. पायरीची कड कोठे संपली हे कळेपर्यंत शरीराचा भार तिच्यावर पडून चुकलेला असतो. साल्हेरच्या माथ्यावर एकाचा पाय मुरगळला म्हणजे तो एकटाच अडकत नाही. चार सोबत्यांना त्याला आधार देत त्याच अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते आणि तोवर सूर्य मावळायला आलेला असतो.

पातळ आणि जाड या वादात तिसरीच गोष्ट बाजूला पडते. ती म्हणजे तळाचे रबर व त्यावरील दाते. १९३५ साली इटलीच्या विताले ब्रामानी यांच्या मोहिमेतील सहा जण आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले. त्या काळचे बूट अशा प्रसंगाला अपुरे होते, हे ओळखून ब्रामानी यांनी दोन वर्षांनी खोल दात्यांचा रबरी तळ तयार केला. १९५४ साली के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना तसाच तळ होता. मुरमावर खोल दाते हवेत, उघड्या कातळावर मऊ, चिकटून राहणारे रबर हवे; शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कोणत्याच बुटाचा भरवसा धरू नये.

तेव्हा त्या दोघा मित्रांनी काय करावे? ज्याला डोंगराची सवय नाही त्याने मध्यम जाडीचा, टाच फार उंच नसलेला, रुंद बुडाचा आणि चांगल्या पकडीचा बूट घ्यावा. चवड्याखाली पातळ पण ताठ पत्रा बसविलेले बूट मिळतात. त्यांत दगड टोचत नाही आणि पाऊलही उंचावत नाही. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाय किंचित सुजलेले असतात. जाड मोजे घालून पाहावे आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवावी. नाहीतर उतरणीवर नखे काळीनिळी होतात. ज्याला पातळ तळाचीच आवड असेल त्याने ती हळूहळू जोपासावी. प्रथम घरात, मग तापीकाठी थोडे अंतर, मग जिने, मग सोनगडसारखा लहान किल्ला, आणि अशी काही महिन्यांची तयारी झाल्यावर साल्हेर. पोटरी दुखू लागली की थांबावे.

आणखी एक सावधगिरी. कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेले बूट दिसायला नवे असले तरी सुरतेच्या दमट हवेत त्यांच्या तळातील पॉलियुरेथेन आतून कुजते. असा तळ भर चढणीवर सोलून निघतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून दोन-तीन तास चालून पाहावे.

‘पायीची वहाण पायीच बरी’ असे जुनी माणसे म्हणत. तिला फार डोक्यावर घेऊ नये, हा त्यातील बोध या प्रकरणातही उपयोगी आहे. बूट चढत नाही, पाय चढतो. दुकानात शिरण्यापूर्वी गिऱ्हाइकाने दुकानदाराला विचारण्याचा नव्हे, तर स्वतःला विचारण्याचा प्रश्न एवढाच की, आपले पाऊल गेल्या वर्षभरात दगडावर किती चालले? त्याचे प्रामाणिक उत्तर ज्याला देता येते, त्याला जोडा निवडणे अवघड जात नाही. आणि त्याचे सोबतीही सूर्यास्तापूर्वी गड उतरून खाली येतात.