नदी आटते तेव्हा विहिरीकडे बघा

(महिला मेळाव्यातील भाषण)



मार्चमध्ये नदीचं पात्र कोरडं पडलं की आपण वाळूत झिरा उकरतो, वाटीवाटीनं हंडा भरतो. ते पाणी नदीचं की जमिनीखालचं? एका बैठकीत मी हे विचारलं तेव्हा एक आजी हसल्या. पाणी एकच, म्हणाल्या.

आजींचं खरं आहे. पावसाळ्यात मुरलेलं पाणी दिवाळीनंतरही झिरपत नदीत येतं, म्हणून ती वाहती राहते. काठाच्या विहिरींची पातळी नदीच्या वर आहे तोवरच हे चालतं. उपशानं ती खाली गेली की उलटं होतं, नदीच जमिनीत शिरते. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढं मावेल तेवढंच.

कायद्यानं मात्र या एका पाण्याच्या दोन वाटण्या केल्या. नदी सरकारची, जमिनीखालचं पाणी, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं, जमीनमालकाच्या हाती. म्हणजे सातबाऱ्यावर जिचं नाव नाही तिचा त्यावर हक्क नाही, आणि ते उपसलं की तिचा झिराही जातो.

आता तज्ज्ञ संगणकावर याचं मॉडेल करतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'मॉडफ्लो' ही आज्ञावली त्यासाठी जगभर वापरतात. नाव ऐकून दबकू नका. जमिनीचे चौकोन पाडायचे. प्रत्येकात किती मुरलं, किती उपसलं, शेजारच्या चौकोनाकडे किती सरकलं याचा हिशेब मांडायचा. नदीच्या चौकोनात तळच्या वाळू-गाळातून किती ये-जा होते तेही धरायचं. मग विचारता येतं, की या काठावर आणखी वीस बोअर झाल्या तर नदी किती आधी आटेल? (आपल्या भेगाळ खडकात उत्तर अंदाजाचंच येतं, हेही तज्ज्ञांकडून वदवून घ्यावं.)

पण त्यात आकडे कुणाचे? उपसा बहुधा पंपमालकाला विचारून लिहितात. केंद्रीय भूजल मंडळाची माणसं निरीक्षण विहिरी साधारणपणे वर्षातून चारदा मोजतात. मधल्या ज्या आठवड्यात विहीर तळाला जाते तो बाईला ठाऊक असतो, कारण दोर तिलाच वाढवावा लागतो. झिरा कोणत्या महिन्यात किती खोल गेला, हे कुठल्या फॉर्मवर विचारलंय? मी स्वतः सर्वेक्षणं केली तेव्हा 'कुटुंबप्रमुख' म्हणून पुरुषांशीच बोलून परतले आहे. कबूल करते.

तेव्हा गटांनी एवढं करावं. दोराला हात-हात अंतरावर गाठी माराव्यात. विहिरीचा काठ आणि नदीकाठचा एक पक्का दगड यांची उंची नळीच्या पाणसळीनं एकदा जुळवून घ्यावी, नाहीतर दोन्ही मापांची तुलना व्हायची नाही. मग दर आठवड्याला दोन्ही ठिकाणचं पाणी मोजून तारखेसह वहीत लिहावं. लिहिता येत नसेल तर रेघा चालतील. तुमच्या नदीचा असा अभ्यास निघाला की वही घेऊन जायचं आणि साहेबांना आधी विचारायचं, आमचा झिरा तुमच्या कोणत्या चौकोनात आहे?