शिकायला गेलेल्या मुलाचे दुसरे घर



मृगाचा पाऊस पडला, पेरण्या उरकल्या, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आणखी एक तयारी सुरू होते. बारावी झालेला मुलगा, बारावी झालेली मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी निघते. झरी-जामणीचा मुलगा यवतमाळला येतो, उमरखेडची मुलगी नांदेडला जाते, कोणी अमरावती-नागपूर गाठतो, तर कोणी थेट पुणे. एस.टी.त पेटी चढते. आई भाकरी आणि ठेचा बांधून देते. बाप फीचे आणि खोलीच्या भाड्याचे पैसे दोनदा मोजून हातात ठेवतो. सगळी तजवीज होते, एक तेवढी राहून जाते. त्या नव्या गावात संध्याकाळी, "काय रे बाबू, जेवलास का?" असे विचारणारे माणूस कोण, याची चौकशी कोणी केलेली नसते.

आज मला बोलायचे आहे ते असे विचारणाऱ्या माणसांविषयी. आणि त्यातही ख्रिस्ती धर्मातल्या लुथरपंथीय मंडळींनी विद्यापीठांच्या आसपास विद्यार्थ्यांसाठी जी सेवा चालवली, तिच्याविषयी. ही सेवा मुलांना आपलीशी कशामुळे वाटते, आणि ती खरोखर उपयोगी कधी पडते, हा आजचा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, लुथरपंथीयांचा आणि आपला काय संबंध? तसे त्यांचे चर्च आपल्यापासून फार लांब नाही. सातपुड्याकडे बैतूल-छिंदवाड्याच्या भागात ते आहे. पण त्याहून जवळची गोष्ट सांगतो. १९५३ साली खुद्द यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था सुरू झाली. ती एकट्या लुथरपंथीयांची नव्हे, निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांनी मिळून चालवलेली. १९८३ साली ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. म्हणजे तीस वर्षे आपल्या या कापसाच्या गावात दूरदूरच्या प्रांतांतले विद्यार्थी येऊन राहत होते. तेव्हा परक्या मुलाला आपले कसे म्हणावे, हा प्रश्न यवतमाळला काही नवा नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मार्टिन लुथर हा जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठातला प्राध्यापक. १५१७ साली त्याने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याच्या प्रथेवर जाहीर आक्षेप घेतला आणि त्यातून मोठी धर्मसुधारणा उभी राहिली, हे शिक्षक बंधूभगिनी वर्गात शिकवतातच. परंतु त्याच्या घराची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १५२५ साली त्याने कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. ती पूर्वी जोगीण होती आणि दोन वर्षांपूर्वीच मठ सोडून आली होती. दोघांचा संसार मांडला गेला तोही एका जुन्या मठाच्या इमारतीत. खोल्या पुष्कळ, पैसा थोडा! मग कॅथरिनाने त्या खोल्यांत विद्यार्थी ठेवून घेतले. तिने मळा केला, गुरे आणि डुकरे पाळली, घरची बीअर गाळली, आणि रोज मोठी पंगत वाढली. जेवताना लुथर बोलायचा, पोरे प्रश्न विचारायची, आणि काहीजण ते बोलणे वहीत उतरून घ्यायची. त्या टिपणांचे पुस्तक १५६६ साली छापून निघाले.

श्रोतेहो, या गोष्टीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. लुथर व्यासपीठावरून बोलत होताच. पण मुले त्याच्या जवळ आली ती ताटावर. आजही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या शेजारी लुथरपंथीयांची जी चांगली विद्यार्थी-केंद्रे चालतात, त्यांतल्या कित्येकांत आठवड्यातून एका संध्याकाळी सर्वांसाठी साधे जेवण असते. गावातली कुटुंबे आणि मुले मिळून ते रांधतात. आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेला मुलगा तिथे जाऊन बसला, तर तो हिंदू आहे, मुसलमान आहे, की काहीच मानत नाही, हे कोणी विचारू नये, अशी रीत चांगल्या केंद्रांत पाळतात.

ही रीत फार मोलाची आहे. जेवणाआधी प्रवचन ऐकण्याची अट घातली, की ते जेवण राहत नाही, आमिष होते. आणि पोरांना आमिष लगेच ओळखू येते, बरं का! ज्याला धर्माचे ऐकायचे आहे त्याला उपासनेची वेळ सांगावी, ती दारावर उघड लिहावी. ज्याला नुसते जेवून जायचे आहे, त्याला हात धुवायला पाणी द्यावे आणि पुन्हा ये म्हणावे. आपला धर्म लपवू नये, आणि दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नये. एवढे सांभाळले की मुलाच्या आईबापांच्या मनातही किंतु राहत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. नव्या मुलाला दुसऱ्या खेपेला कोणी नावाने हाक मारली, तर तिसऱ्या खेपेला तो आपणहून येतो. किती मुले जमली याची मोजदाद वहीत होते. पण मागच्या दोन आठवड्यांत कोण आले नाही, हे ध्यानात ठेवणारा माणूस लागतो. न येणाऱ्याची खोली शोधत जो जातो, त्याच्यामुळे सेवेला सेवा म्हणायचे.

तिसरी गोष्ट आपल्याच मातीतून सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि कामेही आपल्या हातांनी करत. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय उभे केले, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी. या वसतिगृहांनी मुलांना पाहुणे म्हणून बसवून ठेवले नाही. नुसते वाढून घेणारा मुलगा चार दिवसांनी कंटाळतो. ज्याच्याकडे भाजी निवडण्याचे काम आहे, ज्याच्याकडे दिवाबत्ती आहे, ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याला ते घर आपले वाटते. किल्ली विश्वासाने मुलाच्या हातात द्यावी. एखादी वस्तू हरवेल, एखाद्या दिवशी भात करपेल, तेवढे सोसावे.

आणि ही घरे चालली कोणाच्या जिवावर? साताऱ्याच्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. विटेनबर्गला कॅथरिना राबली. राहणाऱ्यांकडून ती रीतसर पैसेही घेई, कारण हिशेबाशिवाय चूल पेटत नाही. दोन्हीकडे नाव पुढे आले ते बोलणाऱ्यांचे, भार उचलला तो रांधणाऱ्यांनी. तेव्हा कोणी असे काम आरंभणार असेल, तर आधी स्वयंपाकघराचा हिशेब मांडावा, आणि तिथल्या बाईला सल्लामसलतीत बरोबरीने बसवावे. मुले आपले दुःख बहुधा तिलाच सांगतात.

चौथी गोष्ट कसोटीची. १५२७ साली विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना शहरात हलवले गेले. लुथरलाही निघून जाण्याविषयी सांगितले होते. तो गेला नाही. कॅथरिना गरोदर होती, तरी तिच्या घराचे रुग्णालय झाले. चांगल्या दिवसांत पंगत वाढणे सोपे आहे, श्रोतेहो. मुलगा नापास होतो, घरून पैसे येणे बंद होते, गावाकडे बोंडअळीने कपाशी खाल्लेली असते आणि बापाच्या डोक्यावर कर्ज असते, हे मुलाला फोनवर कळते. त्या आठवड्यात त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? कर्जापायी घरातला कर्ता माणूस गेल्याचे दुःख आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. अशा घरची मुले परगावी शिकत असतात, आणि ती आपणहून बोलत नाहीत. ती जेवायला येणे सोडतात, एवढेच. जे न जेवलेले ताट पाहते आणि चौकशी करते, ते घर मुलाला वाचवू शकते.

आता आपण काय करायचे? चर्च असो, विहार असो, मठ असो, दर्गा असो, नाही तर नुसती गावकऱ्यांची मंडळी असो. काम तेच आहे. गुरुजींनी आणि बाईंनी एक करावे. आपल्या शाळेतून जी मुले बाहेर शिकायला गेली, त्यांची नावे आणि गावे एका वहीत लिहावी, आणि त्या त्या गावात आपल्या ओळखीचे एक घर शोधून त्याचा पत्ता मुलाला द्यावा. दिवाळीत मुले परत आली की विचारावे. 'किती टक्के पडले' हे नंतर. आधी 'तिथे तुझ्याशी कोण बोलतं' हे विचारावे. ज्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्या नावापुढे खूण करावी आणि त्याच्यासाठी हातपाय हलवावे.

आणि यवतमाळ, वणी, पुसद यांसारख्या कॉलेजच्या गावांत राहणाऱ्या मंडळींनी आठवड्यातून एका संध्याकाळी दोन भाकरी जास्त थापाव्या. शेजारच्या खोलीतला कोलामाचा, गोंडाचा, बंजाऱ्याचा, कोणाचाही मुलगा असो, त्याला हाक मारावी. काही शिकवायला बसू नये. त्याच्या गावी पाऊस कसा आहे, तेवढे विचारावे. पुढचे तो सांगेल.

नमस्कार.