कंदमुळं फक्त उपवासाला नकोत

हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

दसरा झाला. परसात, बांधावर आता जमिनीखालचं काढायचे दिवस आले. रताळी निघतात, अळकुड्या निघतात, पुढे सुरण आणि कोनफळ. बाजारात मुळा, गाजर, बीट दिसायला लागतं. आज या कंदमुळांविषयी बोलू या.

आपल्याकडे रताळं म्हटलं की एकादशी आठवते, नाहीतर नवरात्र. एरवी चांगली रताळी पोत्यात भरून बाजारात जातात. घरात राहतात ती कुदळ लागलेली. त्याच पैशातून पोरांना बिस्किटाचा पुडा येतो. विकू नका, असं मी म्हणणार नाही, पैसा लागतोच. पण पोतं शिवायच्या आधी घरची दोन पाट्या बाजूला काढा.

काढल्यावर रताळी लगेच धुऊ नका. माती झटकून चार-सहा दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरा. साल घट्ट होते, गोडी वाढते आणि ती जास्त दिवस टिकतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, आतून कडक होतात. शिजवताना सालीसकट वाफवा, नाहीतर चुलीच्या निखाऱ्यात भाजा. मग सोलून कुस्करा. त्यात दही, मीठ, मिरची आणि वरून जिऱ्याची फोडणी घाला. झालं भरीत. भाकरीबरोबर चालतं, लहान मुलंही आवडीने खातात.

रताळं आतून पांढरं, पिवळट किंवा केशरी असतं. केशरी गर असला तर त्यापासून शरीराला अ जीवनसत्त्व मिळतं. डोळ्यांसाठी ते फार गरजेचं. ते अंगी लागायला थोडं तेल-तूप हवं, म्हणून फोडणी टाळू नका. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाची केशरी जात काढली आहे. वेल मिळतील का, हे आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायला हरकत नाही. आफ्रिकेत अशाच केशरी रताळ्यावर काम करणाऱ्यांना 2016 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता सुरण. खाजरा म्हणून नव्या सुना त्याला हात लावत नाहीत. त्यात सुईसारखे बारीक कण असतात, ते टोचतात म्हणून खाज येते. हात कोरडे ठेवा, तेल लावा, मगच चिरा. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकडा आणि ते पाणी फेकून द्या. मग भाजी करा, नाहीतर तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर काप करा. अळकुड्याही अशाच: आधी उकडा, सोला, मग ओव्याची फोडणी द्या. अर्धकच्चं ठेवलं तर घसा धरणारच. ‘गजेंद्र’ जातीचा सुरण फारसा खाजत नाही, लावायचा असेल तर तो बघा.

रानातल्या कंदांचं मात्र वेगळं आहे. काही कंद विषारी असतात. जुन्या जाणत्या बाईने ओळखून दिल्याशिवाय आणि तिच्या रीतीने शिजवल्याशिवाय तोंडात घालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बैठकीत कुणीतरी सांगतं, ‘मी रोज बीट खाते, गोळ्या बंद केल्या.’ बायांनो, बीट लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढतं, असं नाही. तो त्याचा रंग आहे. बीटात लोह असतं, पण थोडंच. राज्यात 2019-21 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आढळलं. म्हणजे दहाजणींचा गट असेल तर त्यातल्या पाच-सहाजणी. तेव्हा बीट खुशाल खा, पण डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आणि मुळ्याचा, बीटाचा पाला गुरांपुढे टाकता ना? मुळ्यापेक्षा पाल्यातच लोह आणि चुना जास्त. तो बारीक चिरा, मूगडाळ घालून परता आणि ताटात लिंबू पिळा. आंबटाने लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा मात्र नको, चहाने ते अडतं.

घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर रताळं, सुरण हे भाजी म्हणून भाकरीच्या वर वाढू नका. कंद घेतला तर भाकरी कमी करा. तळण्यापेक्षा उकडलेलं बरं.

शेवटी ताटाचं. भरीत चांगलं झालं की ते आधी पुरुषांना, मग पोरांना, आणि आपल्याला पातेलं पुसून. रक्त कमी कुणाचं, तर आपलंच. म्हणून वाढायच्या आधीच आपला वाटा वाटीत काढून ठेवा. सासूबाईंचाही काढा, सुनेचाही काढा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक कंद शिजवून आणा, कसा केला ते सांगा. आणि ज्यांच्याकडे सुरणाचं किंवा कोनफळाचं बेणं आहे, त्यांनी एक तुकडा दुसरीसाठी राखून ठेवा. मे-जूनमध्ये लावता येईल.